किती सालचं?

आलापल्लीच्या एका बंद सुतारखान्यातून मी भंगाराच्या भावात व्हॅक्यूम क्लीनर आणला. दिसायला दुधाचा कॅन, वर हत्तीची सोंड, खाली तीन चाकं. चौथ्याची जागा रिकामी.

"हे काय आणलं बाप्पा?" सौ.

"अँटिक आहे."

"किती सालचं?"

इथं माझी बोबडी वळली.

शेजारचे निवृत्त वनपाल काका म्हणाले, "इंग्रजांचं." आमच्याकडे ज्या वस्तूची पावती हरवते, ती इंग्रजांची होते. लंडनच्या ह्युबर्ट बूथनं १९०१ साली असलं यंत्र काढलं हे खरं. पण ते घोडागाडीवरून दारात यायचं आणि पाइप तेवढा खिडकीतून आत जायचा. माझ्या यंत्राला घोडा नव्हता.

मग मी पट्टी घासली. 'मेड इन वेस्ट जर्मनी' उमटलं. म्हणजे १९४९ ते १९९०. एवढ्या ढोबळ अंदाजानं ताडोबात कुणी वाघसुद्धा मोजू देणार नाही.

खाली दुकानदाराचं लेबल सापडलं, गाव 'चांदा'. मी उडालोच! चांद्याचं चंद्रपूर झालं १९६४ साली, म्हणजे यंत्र त्याआधीचं. काकांनी शांतपणे विचारलं, "नागभीडची गाडी कुठून पकडतोस रे?"

"चांदा फोर्टवरून."

"आणि भद्रावतीची ऑर्डनन्स फॅक्टरी कुठली?"

"...चांदा."

पुरावा जागीच गतप्राण झाला. लेबलावर पिनकोड नव्हता, म्हणून १९७२च्या आधीचं, असंही म्हणून पाहिलं. पण आमचा किराणावाला आजही पिनकोड लिहीत नाही.

शेवटी म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट भुशाची पिशवी उघडली. सिरोंच्याकडे वडधमला जमिनीच्या थरांत डायनासोर सापडतात, तसे इथंही थर होते: वर प्लायवूडचा भुसा, मध्ये सनमायकाचे कपचे, तळाशी तांबूस पूड. त्यांनी चिमूट हुंगली. "हा आपला साग होय, साहेब. प्लाय यायच्या आधीपासून चालते हे."

"प्लाय कधी आलं?"

"माझ्या मोठ्या पोरीच्या लग्नात पहिला दिवाण प्लायचा केलो."

मी पेन सरसावलं. "लग्न कधी झालं?"

"उन्हाळ्यात."

जाता जाता त्यांनी यंत्र चालू करून दाखवलं. जोरात चाललं. सोंड मात्र मी हवा बाहेर टाकणाऱ्या तोंडाला जोडली होती, आणि पिशवी अजून उघडीच होती.

आज चौथा दिवस. मी फड्यानं झाडतोय. सनमायकाच्या थरापर्यंत आलोय.