डावा कार्ब्युरेटर

मिलानहून उत्तरेला निघालं की आधी मोंझा लागतं, मग लेको, आणि तिथून कोमो सरोवराच्या पूर्व काठाने दहाएक किलोमीटरवर मांडेल्लो देल लारिओ. हे नकाशातलं. माझ्या मेहुण्याच्या मागे बसून निघालेल्याला पेट्रोल पंप, पुन्हा पेट्रोल पंप, एक बंद पडलेला कारखाना आणि एका स्मशानभूमीची सावलीची भिंत, एवढंच लागतं. प्रत्येक ठिकाणी मेहुणा म्हणतो, "भाऊजी, जरा उतरता का?" मी उतरतो. तो खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढतो, गाडीच्या डाव्या अंगाला उकिडवा बसतो आणि कार्ब्युरेटरचा एक स्क्रू पाव आटा फिरवतो. गाडी चालू होते, पाच-सात किलोमीटर गुण येतो, मग डावं सिलिंडर पुन्हा मिसिंग मारायला लागतं. पुढच्या थांब्याला तोच स्क्रू पाव आटा उलटा.

मेहुणा नोकरीनिमित्त मिलानला असतो. सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा मुलगा. नाद एकच, १९७८ सालची मोटो गुझी ८५० टी-३. इंजिन ८४४ सीसी, दोन सिलिंडर नव्वद अंशांत फाकलेले, टाकीखालून दोन्ही बाजूंना बाहेर डोकावणारे. चेन नाही, मागच्या चाकापर्यंत थेट शाफ्ट. ब्रेक असा, की पायाने दाबला तर मागची डिस्क आणि पुढच्या दोहोंपैकी एक, दोन्ही एकदम धरतात. गाडी देखणी आहे यात वाद नाही. बंद पडल्यावर तर ती निवांत पाहायलाही मिळते.

दोन सिलिंडरांना दोन कार्ब्युरेटर, हेच मेहुण्याच्या नादाचं मूळ. दोन्हींनी सारखंच ओढलं पाहिजे, नाहीतर इंजिन आयडलिंगला थरथरतं आणि वेग घेताना कुंथतं. त्यासाठी दोन घड्याळांचं व्हॅक्यूम गेज मिळतं. ते त्याने आणलेलं आहे. रविवारी सकाळी ते लावून बसायचं, दोन्ही काटे एका रेषेत आणायचे आणि संध्याकाळी बहिणीला फोन करून सांगायचं, "ताई, आज काटे जुळले." माझ्या घरात या वाक्यावर एकदा पेढे वाटले गेले. बायकोला वाटलं, मुलगी पसंत पडली.

लेकोच्या पुढे सरोवर दिसायला लागलं. डावीकडे निळं पाणी, उजवीकडे ग्रिन्याचे उभे कडे. जगभरातले लोक हे पाहायला येतात. मी मेहुण्याची पाठ पाहत होतो. अखेर मांडेल्लोच्या वेशीवर डाव्या सिलिंडरने साफ असहकार पुकारला आणि आम्ही उरलेल्या एका सिलिंडरवर, खोकत खोकत, गावात शिरलो. १९२१ पासून ज्या गावात या गाड्या बनतात, तिथे ही अशी एन्ट्री. बाकावर बसलेल्या तीन म्हाताऱ्यांनी एकदम माना वळवल्या. एकाने काहीच न विचारता गल्लीकडे हात केला.

गल्लीत एक गॅरेज. आत सत्तरी ओलांडलेले मिस्त्री, निळा डगला, कानावर चष्म्याची काडी आणि काडीवर पेन्सिल. मेहुण्याने इटालियनमध्ये हकिगत सुरू केली. त्यात "कार्बुरातोरे" हा शब्द इतक्यांदा आला, की मलाही सगळं समजलं. मिस्त्रींनी तोंडातून अवाक्षर न काढता बोटं पाण्यात बुडवली आणि दोन्ही सायलेन्सरांच्या नळ्यांवर इंजिनापाशी शिंपडली. उजवीवर थेंब चर्रकन उडाले. डावीवर नुसते ओघळले. "डावं पेटत नाहीये," मेहुण्याने भाषांतर केलं. हे आम्हाला मोंझापासून माहीत होतं, पण मिस्त्रींना ते चार थेंबांत कळलं.

मेहुण्याने स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. मिस्त्रींनी तो घेतला, टेबलावर ठेवला आणि बोटं मोजत क्रम सांगितला. आधी टॅपेट. मग पॉइंटचा गॅप. मग टायमिंग. कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. टॅपेटची फट पाव मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि ती मोजायची तर इंजिन पूर्ण गार हवं. "म्हणजे किती वेळ?" मेहुण्याने विचारलं. मिस्त्रींनी आधी इंजिनाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाले, म्युझियम बघून या.

म्हणून आम्ही म्युझियम पाहिलं. कंपनीची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात इटालियन आरमाराच्या हवाई दलात तीन दोस्त जमले. जॉर्जो पारोदी आणि जोव्हान्नी राव्हेल्ली हे वैमानिक, कार्लो गुझी मेकॅनिक. युद्ध संपल्यावर मोटारसायकली बनवायच्या असं ठरलं. पण १९१९ मध्ये राव्हेल्ली विमान कोसळून गेला, आणि त्याची आठवण म्हणून टाकीवर पंख पसरलेला गरुड आला. पैसा पारोदींच्या घरचा, गरुड राव्हेल्लीचा आणि नाव मात्र मेकॅनिकचं. दोन वैमानिक असताना कंपनी मेकॅनिकच्या नावाने चालावी, यातच या गाड्यांबद्दल काय ते समजा.

आणखी एक गोष्ट ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. २००४ पासून गुझी पियाज्योच्या मालकीची आहे. म्हणजे आपल्या बारामतीच्या कारखान्यातून निघणारी तीनचाकी आणि हा गरुड आता एकाच घरचे. मी हे मेहुण्याला मोठ्या आवाजात सांगितलं. पण तो ऐकत नव्हता. तो एका रेसिंग गाडीपुढे हात जोडल्यासारखा उभा होता. १९५५ ची 'ओत्तो चिलिंद्री'. जूल्यो चेझारे कार्कानोची करामत. इंजिन फक्त पाचशे सीसीचं, पण त्यात आठ सिलिंडर आणि आठ सिलिंडरांना आठ कार्ब्युरेटर.

"आठ," मेहुणा पुटपुटला. त्याचा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला. मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

परत आलो तेव्हा इंजिन गार झालं होतं. मिस्त्रींनी टॅपेटची झाकणं काढली, फटीत फीलर गेजचं पान सरकवलं. ते लोण्यातून नव्हे, जुन्या पुस्तकाच्या पानांमधून ओढल्यासारखं, किंचित अडकत निघालं पाहिजे. तसं ते निघालं. टॅपेट ठीक. मग टाकी उतरवली, कारण डिस्ट्रिब्युटर उजव्या सिलिंडरच्या मागे असा अडचणीत आहे की टाकी न काढता तिथे धड हातच शिरत नाही. पॉइंट दोन, डाव्याचा एक, उजव्याचा एक. डाव्याचा पॉइंट काळा पडला होता. मिस्त्री "आहा" म्हणाले. त्यांनी तो घासला, गॅप लावला, इंजिन चालू करून रेस केलं.

रेस करताच गाडी एका अंगाला कलली. मी धरायला धावलो. मिस्त्री हसले. क्रँक लांबीच्या दिशेने बसवलेली असली की असंच होतं, उभ्या गाडीला रेस दिली की ती उजवीकडे झुकते. माझं निम्मं आयुष्य स्कूटर आडवी करून मग किक मारण्यात गेलं. इथे गाडीच आपणहून वाकते, हे पाहून ऊर भरून आला.

इंजिन तापलं आणि मिसिंग परत आलं. आता मिस्त्रींनी एकच केलं. दोन्ही पॉइंटांचे कंडेन्सर काढले आणि अदलाबदल केली. डाव्याचा उजव्याला, उजव्याचा डाव्याला. गाडी चालू केली, तापू दिली. डावं सिलिंडर खणखणीत वाजायला लागलं आणि मिसिंग गेलं उजव्या बाजूला! कंडेन्सरबरोबर आजारानेही बिऱ्हाड हलवलं होतं. गार असताना शहाण्यासारखा वागणारा कंडेन्सर तापला की हात टेकत होता. मग पॉइंटवर ठिणग्या उडायच्या, पॉइंट जळायचा आणि प्लगला करंट जेमतेम पोचायचा. कंडेन्सर गाडीचा मूळचा नव्हता. मेहुण्याने कुठूनसा स्वस्तात मागवून बसवलेला होता. अंगठ्याएवढा डबा.

"पण मग कार्ब्युरेटर?" मेहुण्याने जवळजवळ रडवेल्या आवाजात विचारलं.

मिस्त्री बरंच बोलले. मेहुण्याने भाषांतर दोन वाक्यांत उरकलं, पण मी त्यांच्या हातवाऱ्यांवरून पुरतं समजलो. कार्ब्युरेटर बाहेर असतो, हाताशी असतो, त्याला फिरवायला स्क्रू असतो. म्हणून सगळे त्यालाच फिरवतात. बिघाड मात्र बहुधा तिथे असतो, जिथे जायला टाकी उतरवावी लागते. मला वाटतं, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेली कित्येक वर्षं वॉचमन बदलला जातो, तोही याच न्यायाने.

जुन्या डब्यातून एक कंडेन्सर निघाला, तो बसला. मग शेवटी, सगळं झाल्यावर, मिस्त्रींनी दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडाशी तळहात धरून कार्ब्युरेटर लावले. गेज नाही, घड्याळ नाही. बिल दिलं. कंडेन्सर, मजुरी आणि त्यांनी आम्हाला पाजलेल्या कॉफीचे पैसे शून्य. हत्यारांची गुंडाळी परत करताना त्यांनी छोटा स्क्रू ड्रायव्हर तेवढा उचलला, स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर बंद केला.

व्हारेन्नापर्यंत गाडी अशी गेली, की पहिल्यांदाच मला सरोवर सलग दिसलं. बेल्लाज्योची फेरी यायला वेळ होता. धक्क्यावर गाडी उभी केली तर इंजिन एका लयीत वाजत होतं. मेहुणा शेजारी उभा राहून डावीकडे कान लावून ऐकत होता. चेहरा उतरलेला. थोड्या वेळाने त्याने खिसे चाचपले.

"भाऊजी, तुमच्याकडे एक सेंटचं नाणं आहे का? बहुतेक बसेल खाचेत."