एक बाण, एक त्रिकोण

२८ वर्षं मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात बसून वेल्डिंग काढलं. केलं नव्हे, काढलं. ड्रॉइंगवर एक बाण, त्याला आडवी रेघ, रेघेला लटकलेला इवलासा काटकोन त्रिकोण. झालं फिलेट वेल्ड. बाण जिथे वळतो तिथे बारीक गोल काढला की ‘सगळीकडून फिरवून घ्या’. पाव मिनिटाचं काम. वेल्डिंग हे साधारण तेवढंच अवघड असतं, ही माझी समजूत निवृत्तीपर्यंत शाबूत राहिली.

त्यामुळे आमच्या गल्लीतल्या वेल्डर पोराने गच्चीवरच्या कुंड्यांच्या स्टँडचे १८०० रुपये सांगितले तेव्हा मला हसूच फुटलं. “अरे, चार अँगल आणि सोळा टाके! घरी करीन मी.” सौ. तिथेच उभी होती. हे वाक्य तिला अजून तोंडपाठ आहे.

१८०० रुपये वाचवण्यासाठी मी ६५०० रुपयांचं इन्व्हर्टर मशीन आणलं. मग काच, चामडी हातमोजे, ग्राइंडर, रॉडचं पाकीट. बेरजेचा कागद मी फाडून टाकला.

पहिला रॉड अँगलला टेकवला तो तिथेच चिकटला. ओढला, हलवला, पिळला. रॉड लाल झाला, मीही झालो. करंट कमी पडतोय असं निदान करून आकडा १५० वर नेला, तर ३ मिलिमीटरच्या अँगलला असं सुबक भोक पडलं की ड्रिलनेही पाडलं नसतं. ज्या जिल्ह्यात ओझरला मिग आणि सुखोई विमानं तयार झाली, तिथे माझ्या गच्चीवर तुळशीच्या कुंडीला चार पाय मिळेनात. आठवडाभरात एकच सांधा पक्का बसला. स्टँडचा पाय आणि खाली ठेवलेलं लोखंडी घमेलं.

शेवटी तोच पोरगा वर आला. सातपूरच्या आयटीआयमधून शिकलेला. अडीचच्या रॉडला ८० अँपिअर पुरे, म्हणाला. “आणि काका, रॉड लोटायचा नाही, ओढायचा. कान उघडे ठेवा. बरोबर चाललं की भजी तळल्यासारखा आवाज येतो.”

आता इथे मला थांबणं भाग आहे, कारण भज्यांतलं मला वेल्डिंगपेक्षा पुष्कळ जास्त कळतं. कांदाभजीत पाणी घालणारा माणूस मला भेटला की मी त्याच्याशी पुढचे व्यवहार जपून करतो. कांदा उभा चिरावा, मीठ चोळून स्वस्थ बसावं. कांदा आपलं पाणी आपण सोडतो, आणि त्यात मावेल तेवढंच बेसन. जास्त पीठ म्हणजे कांद्याच्या नावाखाली बेसनाचे गोळे, आणि ते तेलात पडले की ‘भद्द’ करून बुडतात. नीट भिजवलेलं भजं पडताच आधी ‘चर्र’ आणि मग एकसारखी बारीक सळसळ. तेल फार तापलं असेल तर बाहेरून काळं, आतून कच्चं. म्हणजे माझे १५० अँपिअर! मला हे सगळं येत होतं, फक्त कढईत. पाकीट पावसाळी हवेत उघडं टाकल्यामुळे माझे रॉड तडतडत होते, हेही त्याने आवाजावरूनच ओळखलं.

काच लावली की रॉड कुठे टेकवायचा ते दिसत नाही. म्हणून मी ‘एकदाच’ उघड्या डोळ्यांनी टेकवायचो. दिवसभरात असे साठ-सत्तर ‘एकदाच’ झाले. आर्कमधले अतिनील किरण डोळ्याचं वरचं पातळ पटल भाजतात आणि दुखणं काही तासांनी, माणूस निर्धास्त झोपल्यावर वर येतं. रात्री दोनला डोळ्यांत कुणी मूठभर रेती चोळावी तसं झालं. शेजारच्या वहिनींनी बटाट्याच्या चकत्या पाठवल्या. डॉक्टरांनी चकत्यांसकट मला झापलं आणि दोन दिवस अंधारात बसवलं.

अंधारात काही करता येत नाही, म्हणून जुन्या गोष्टी आठवतात. वेल्डरच्या कामावर मी लाल पेनने लिहिलेला शेरा, ‘अंडरकट. काम परत.’ एकदा तर समासात ‘हात थरथरतो का?’ असंही लिहिलं होतं. तो सांधा फ्रेमच्या खालच्या अंगाला होता. तिथे पाठीवर पडून, तोंडावर ठिणग्या घेत वेल्डिंग करावं लागतं. मी त्रिकोण तिथे काढला होता, कारण कागदावर तिथे जागा होती. माणसाचा हात तिथे पोचतो का, हे बघायला मी कधी खाली उतरलो नाही.

तिसऱ्या दिवशी पोराने पाऊण तासात स्टँड उभा केला, घमेलंही कापून सोडवलं. त्याने काच वर केली तेव्हा दिसलं. शर्टाचं वरचं बटण उघडं राहतं तिथे, गळ्याखाली, कातडी भाजून लाल झालेली. काटकोन नव्हता, पण त्रिकोणच.

“बटण लावत जा रे.”

“उकडतं, काका.”

१८०० रुपये मी घासाघीस न करता दिले. त्याने ते मोजले, खिशात घातले आणि कोपऱ्यातल्या मशीनकडे जरा आपुलकीने पाहिलं.

“काका, विकायचं झालं तर आधी मला सांगा.”