पहिला घाणा

आमच्या आळीत दुपारी तीनला तळणाचा वास सुटला की मी तीनच गोष्टी धरून चालतो. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार असतात, कुणाचा मुलगा पुण्याला परत निघालेला असतो, नाहीतर अण्णांना काहीतरी सुचलेलं असतं. पहिल्या दोन वेळी वासाबरोबर घरात धावपळ ऐकू येते. अण्णांच्या वेळी आधी बराच वेळ शांतता असते, मग झारा फरशीवर पडतो, आणि मग काकूंचा आवाज: "आवो, आधी ग्यास बंद करा!"

अण्णा म्हणजे एकच माणूस असं समजू नका. हा वाण आहे. कोरेगावात सापडतो, कराडात सापडतो, साताऱ्याच्या पेठांत तर एकेका वाड्यात दोन-दोन निघतात. साठी उलटलेली, शुगर काठावर, मोबाइलचं रिचार्ज मुलानं मारलेलं. नोकरीत असताना ह्या माणसाला चहाची पावडर कुठल्या डब्यात आहे हे माहीत नव्हतं. निवृत्त झाल्यावर मात्र त्याला एकाएकी दिसायला लागतं की घरातल्या बाईनं चाळीस वर्षं स्वयंपाक केला खरा, पण त्यात 'पद्धत' नव्हती. तो स्वतः स्वयंपाक करत नाही, प्रयोग करतो. स्वयंपाकात भांडी घासणं धरलेलं असतं, प्रयोगात नसतं.

त्याचा परवलीचा शब्द 'करून बघू'. नुसतं 'करू' म्हणणारा करतो, नुसतं 'बघू' म्हणणारा टाळतो, आणि 'करून बघू' म्हणणारा घरातल्या बाकीच्यांना कामाला लावतो.

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दिवाळीला पुण्याहून नात आली, ती पास्त्याची तीन पुडकी घेऊन. तिनं पांढऱ्या सॉसमधला पास्ता केला. अण्णांनी तो लाडक्या नातीचा म्हणून संपवला, आणि तिची गाडी स्टेशनातून हलल्यावर मला म्हणाले, "मास्तर, गिळगिळीत. ही वस्तू तळली पाहिजे." तळल्यावर वाईट लागेल असा पदार्थ देवानं केलेला नाही, हे त्यांचं मत. पुराव्यादाखल ते कारल्याचं नाव घेतात.

"अण्णा, आपल्याकडे कुणी पास्ता तळल्याचं ऐकलं नाही," मी म्हणालो. हे म्हणायला नको होतं. अण्णांना गावाचा अभिमान चढला की १८५३ पासून सुरुवात होते. त्या साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि त्याच साली आमच्या रहिमतपूरला नगरपालिका झाली. म्हणजे मुंबईवाले गाडीत बसायला शिकत होते तेव्हा आम्ही कर भरत होतो. तिथून ते रणदुल्लाखानाच्या कबरीजवळच्या उंच बुरुजाकडे गेले. त्या बुरुजावर पाणी चढवायला हत्ती लावत, असं गावात सांगतात. "ज्या गावानं मोटेला हत्ती जुंपला," अण्णा म्हणाले, "त्या गावाला नळ्या तळायला काय धाड भरलीय?"

'नळ्या' हा काकूंचा शब्द. पुडक्यांवर पेने, फुसिली, फारफाल्ले अशी नावं होती. काकूंनी चष्मा लावून ती वाचली, पुडकी खाली ठेवली आणि बारसं उरकलं: नळ्या, मळसूत्रं, फुलपाखरं. पुढं घरात तीच नावं चालू झाली.

पहिला घाणा नळ्यांचा. अण्णांनी पुडकं फोडलं आणि मूठभर कोरड्या नळ्या तशाच कढईत सोडल्या. कुरडई टाकल्याबरोबर कशी पसरून वर येते, तसं काहीतरी होईल म्हणून आम्ही तिघं वाकून बघत होतो. नळ्या तळाला गेल्या. दोन-चार बुडबुडे आले. रंग पिवळ्याचा तांबूस, तांबसाचा विटकरी झाला, पण आकारात केसाइतका फरक नाही. झाऱ्यावर काढल्या तेव्हा त्या खणखण वाजल्या. अण्णांनी पहिली मला दिली. प्रयोगात शेजारी ह्याचसाठी लागतो. माझ्या दाढेत 'कट्' झालं. ते नळीचं होतं की दाढेचं, हे कळायला संध्याकाळ झाली. उरलेल्या परसात टाकल्या. एका कावळ्यानं त्यातली एक उचलून पत्र्यावर नेली, दोनदा चोच मारली, मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं आणि ती तिथंच टाकून गेला.

"माल जुना दिसतोय," अण्णा म्हणाले.

काकू शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कुरडईचा चीक शिजवतात, म्हणून ती फुलते. तुमचं हे कच्चं हाय."

एवढंच. पण ह्या एका वाक्यात तीन दिवस भिजवलेले, रोज पाणी बदललेले गहू आहेत. ते वाटून, पिळून काढलेला चीक आहे. रात्रभर निवळल्यावर वरचं पाणी अलगद ओतणं आहे. आणि मग तो चीक हिंग-मीठ घालून रटरट शिजवणं, हात भाजत सोऱ्यात भरणं आहे. शिजताना पीठ पाणी पिऊन फुगतं. वाळवलं तरी आत किंचित ओल राहते. कडक तेलात त्या ओलीची वाफ होते, आणि तीच कुरडईला आतून फुलवते. पास्त्याचं पीठ नुसतं मळून, साच्यातून काढून वाळवलेलं. त्याला शिजणं माहीतच नाही. हे शास्त्र अण्णांनी रात्री मोबाइलवर वाचलं आणि सकाळी काकूंना समजावून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या खेपेला नळ्या उकडल्या. उकडल्या, चाळणीत ओतल्या, दोनदा आपटल्या आणि थेट कढईत. पाणी कुठं मुरतं, कुठं साठतं, कुठून फुटतं ह्यावर ज्या माणसाची पेन्शन आहे, त्याला नळीच्या पोटात पाणी राहतं हे आठवलं नाही. मी दारातच होतो म्हणून वाचलो. पहिल्यांदा फसफस, मग फटाक्यांची माळ. अण्णा पाटाची ढाल करून मागं सरले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर संकष्टीच्या चौकोनात तेलाचा रुपयाएवढा डाग पडला. चंद्रोदयाची वेळ त्या महिन्यात काकूंनी आमच्याकडून विचारून घेतली.

दुसरा माणूस इथं थांबला असता. पण हे नाटककार वसंत कानेटकरांचं जन्मगाव. तिसरा अंक झाल्याशिवाय आम्ही उठत नाही.

तिसऱ्या अंकाची तयारी आठवडाभर चालली. तेल किती तापवायचं ह्याचा आकडा अण्णांना सापडला: १७५ ते १८० अंश. ते औषधाच्या दुकानात जाऊन थर्मामीटर मागायला लागले. दुकानदारानं नेहमीचा दिला, तो ४२ अंशांवर संपतो. "ह्याच्या वरचा नाही?" अण्णांनी विचारलं. दुकानदार म्हणाला, "अण्णा, ह्याच्या वर ताप गेला तर माणूस आमच्याकडं येत न्हाई." शेवटी काकूंनी लाकडी उलथन्याचा दांडा तेलात बुडवून दाखवला. दांड्याभोवती बारीक बुडबुडे झरझर यायला लागले की तेल झालं.

ह्या वेळचा बेत मात्र, खरं सांगतो, नीट होता. १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम पास्ता आणि १० ग्रॅम मीठ. दाताला किंचित लागेल इतपत शिजला की उपसायचा. मग अण्णांचं जुनं धोतर जमिनीवर पसरून त्यावर एकेक तुकडा सुटा करून पंख्याखाली तासभर. वरून कोरडा, हाताला चिकटत नाही असा झाला की कॉर्नफ्लॉवर आणि तांदळाचं पीठ भुरभुरवून परातीत हलवायचा, जादा पीठ चाळून काढायचं. थोडा-थोडा करून मध्यम आचेवर तळायचा, निथळायचा, आणि सगळे घाणे झाले की तेल जरा कडक करून पुन्हा एकदा तळायचा. पहिल्या तळणात ओल जाते, दुसऱ्यात खुसखुशीतपणा येतो.

नळ्या ह्या रीतीनं बऱ्या झाल्या. फुलपाखरांचे पंख पापडासारखे, पण मधली चुणी दगड. अण्णा पंख खायचे आणि चुण्या बशीच्या कडेला मांडून ठेवायचे. मळसूत्रं मात्र अव्वल. त्यांच्या पिळात मसाला धरतो. पुडक्यातला वाळक्या पाल्याचा इटालियन मसाला काकूंनी हुंगून बाजूला ठेवला आणि गरम मळसूत्रांवर घरची चटणी टाकली. चटणी म्हणजे आमच्याकडे कांदा-लसूण मसाला; ओली, वाटलेली वगैरे नव्हे. मी पहिलं मळसूत्र दाढ वाचवून पुढच्या दातांनी खाल्लं. दुसरं आपसूक खाल्लं. बशी रिकामी झाल्यावर कळलं की अण्णांना काही उरलं नव्हतं.

अण्णांनी यशाची वार्ता एसटी स्टँडवर नेली. तिथल्या चायनीजच्या गाड्यावरचा पोरगा नूडल्स उकडून, पीठ लावून तळत होता. चायनीज भेळेसाठी तो हेच रोज संध्याकाळी करतो. अण्णा पाच मिनिटं उभे राहून बघत होते. पोरगा म्हणाला, "अण्णा, आधी इचारायचं की."

पण अशा माणसाला अपमान लागत नाही. तो आणखी वाचतो. त्यांनी जपानचा मोमोफुकु आंदो शोधून काढला. बायको भजीसारखं काहीतरी तळत होती, ते बघून त्याला नूडल्स तळून वाळवायचं सुचलं म्हणे, आणि १९५८ मध्ये झटपट नूडल्स बाजारात आल्या. अण्णांनी ही हकीकत काकूंना मुद्दाम स्वयंपाकघरात उभं राहून सांगितली.

"मग पुडक्यावर नाव बायकोचं हाय का?" काकू म्हणाल्या.

मग नेपल्सची पाळी. तिथं उरलेली स्पगेत्ती अंड्यात कालवून तव्यावर जाड थापतात आणि दोन्ही बाजूंनी खरपूस करतात, फ्रित्ताता म्हणतात. नेमका मार्गशीर्षातला गुरुवार निघाला, अंडं उंबऱ्याच्या आत येईना. अण्णांनी बेसन कालवलं, त्यात आलं, मिरची, कोथिंबीर. आमच्या भागात आल्याला तोटा नाही, त्यामुळे ते जरा सढळ पडलं. उलटायची वेळ आली तेव्हा तव्यावर ताट झाकून पालथं करायचं, हे अण्णा तोंडी सांगत होते आणि काकू करत होत्या. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, मधूनमधून शेवटं करपलेली. चहाबरोबर आम्ही चौथाई-चौथाई खाल्लं. काकूंनी त्याला 'शेवयांचा पोळा' म्हटलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून दुसरा तुकडा घेतला. अमेरिकेत सेंट लुईसला सारण भरलेला पास्ता पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात, हे मात्र त्यांनी पुढं चालूच दिलं नाही. "करंजी हाय ती," एवढं बोलून उठल्या.

सगळ्यात धोक्याचा टप्पा संक्रांतीनंतर आला. पास्ता ड्युरम गव्हाचा, ड्युरम म्हणजे आपला बन्सी, आणि ड्युरमचा पूर्वज आपल्या सातारा-सांगलीकडची खपली, हे अण्णांना कळलं. इटलीत त्याच खपलीला फार्रो म्हणतात. इथवर सगळं बरोबर. पण अण्णांनी त्यावरून पास्ताच रहिमतपुराहून गेला असं ठरवलं. खपली मूळची पश्चिम आशियातली. तिथून ती त्यांच्याकडेही गेली आणि आपल्याकडेही आली. हे मी बोललो नाही, कारण समोर बशी होती. काकूंनी मात्र माळ्यावरून एक डबा काढला. लेकीच्या लग्नात वळलेले गव्हले, नखानं दाबून केलेल्या नखुल्या, मालत्या. खिरीपुरत्या अजून उरलेल्या. त्यांनी मूठभर परातीत ओतल्या. अण्णा एकेक आकार बोटावर घेऊन बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी मनातलं बोलतील.

"ह्या तळल्या तर?" अण्णा म्हणाले.

डबा माळ्यावर परत गेला, आणि त्याच्यापुढं पिंप लावलं गेलं.

तेव्हापासून एक तारखेला पेन्शन आणि दोन तारखेला पास्ता, असा नेम आहे. परवा एप्रिलात काकूंनी गच्चीवर साडी पसरून कुरडया घातल्या. अण्णांनी अडीच किलो मळसूत्रं उकडून त्याच साडीच्या उरलेल्या अर्ध्यावर पसरली, आणि काठी घेऊन राखणीला बसले. पलीकडच्या गच्चीवरून शेजारणीनं विचारलं, "काय ओ वैनी, कुरडयांच्या शेजारी काय वाळत घातलंय?"

"ह्यांची पेन्शन," काकू म्हणाल्या.

एवढ्यात कठड्यावर कावळा आला. मळसूत्रांच्या बाजूला उतरला, मान वाकडी करून बघितलं, दोन उड्या मारून पलीकडं गेला आणि कुरडई घेऊन उडाला. अण्णांनी काठी उगारलीसुद्धा नाही.

"मास्तर, तोच हाय," ते म्हणाले. "त्याला अजून पहिला घाणा आठवतोय."