अकलेचा सातबारा

गावाकडे शेजाऱ्याने बांध कोरला तर आपण आधी भांडतो, मग मोजणीचे पैसे भरतो, मग तारखा घेतो आणि शेवटी ती केस पोराबाळांच्या नावे करून डोळे मिटतो. पण एक वीत मागे सरत नाही. अकलेच्या शेतात मात्र आपण जगावेगळे शेतकरी निघालो. यंत्राने बांध कोरला रे कोरला की आपणच हद्दीचा दगड उचलतो, चार पावलं मागे नेऊन रोवतो आणि वर सांगतो, "गेली ती मुरमाडच होती हो! तिथं कधी काही पिकलं नाही. खरी काळी जमीन तर इकडे आहे."

पहिला तुकडा गेला तो हिशेबाचा. एके काळी पोर हुशार की ढ, हे पंतोजी पावकी, निमकी, दिडकी म्हणायला लावून ठरवत. औटकी न अडखळता म्हणणाऱ्या मुलाला सोयरिकी चालून येत. १९८० साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात शकुंतलादेवींनी तेरा-तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला, तेव्हा साऱ्या देशाने कॉलर ताठ केली. पुढे कॅल्क्युलेटर वाण्याच्या गल्ल्यावर आला आणि आपण बिनबोभाट ठरवून टाकलं की आकडेमोड ही काही बुद्धी नव्हे, ते नुसतं पाठांतर. औटकीवाल्या आजोबांना हा फेरफार कुणी कळवलासुद्धा नाही.

दुसरा तुकडा बुद्धिबळाचा. हा तर बागायती समजला जायचा. १७७० साली व्हिएन्नात फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थाने महाराणी मारिया तेरेझाच्या दरबारात एक लाकडी तुर्क आणून बसवला. डोक्याला पगडी, पुढ्यात पट, खाली कपाट, कपाटात चाकंच चाकं. प्रयोगाआधी केम्पेलेन एकेक दार उघडून, आत मेणबत्ती धरून दाखवायचा. यंत्रच, दुसरं काही नाही! हा तुर्क भल्याभल्यांना हरवायचा. पुढे नेपोलियनही त्याच्याशी खेळून हरला. आणि त्या चाकांच्या मागे एक हाडामांसाचा खेळाडू अंग चोरून बसलेला असायचा. दार उघडलं की तो पलीकडे सरकायचा.

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला आयबीएमच्या डीप ब्लूने कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच असं हरवलं. शेवटच्या डावात जगज्जेता १९ चालींत उठला. यंत्र सेकंदाला २० कोटींच्या आसपास स्थिती तपासत होतं, पण कास्पारोव्हला शंका आली ती वेगळीच. काही चाली त्याला फारच माणसासारख्या वाटल्या. आत कुणी माणूस तर बसलेला नाही ना? त्याने यंत्राच्या नोंदी मागितल्या. आज मोठ्या स्पर्धेला जाऊन पाहा. खेळाडू दाराशी हात वर करून उभा, पंच त्याच्या अंगावरून मेटल डिटेक्टर फिरवतोय. खिशात फोन सापडला की डाव गेला. पूर्वी यंत्र फार छान खेळलं की लोक कपाटात माणूस शोधत. आता माणूस फार छान खेळला की त्याच्या खिशात यंत्र शोधतात. बेअक्कल यंत्राची नक्कल केली म्हणून माणसावर बंदी येते, एवढं अवघड गणित कुणी सोडवून दाखवावं.

अर्थात हा तुकडाही आपण सोडला. "ते काय, नुसती रग आहे, हमाली!" तरीही नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली जॉर्जियात महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा आपण पेढे वाटलेच, आणि वाटायलाच हवेत. डीप ब्लू जिंकला तेव्हा कुणाच्या घरी पेढे आले होते?

मग आलं संभाषण. ॲलन ट्युरिंगने १९५० साली 'माइंड' या त्रैमासिकात सुचवलं की यंत्र विचार करतं का, हा काथ्याकूट सोडा. यंत्र आणि माणूस दोघांना पडद्याआड बसवा, प्रश्न विचारा आणि माणूस कोण ते ओळखून दाखवा. त्या लेखातला नमुन्याचा संवाद आमच्या विद्वानांनी बारकाईने वाचलेला दिसत नाही. त्यात ३४,९५७ आणि ७०,७६४ यांची बेरीज विचारली आहे. उत्तर देणारा सुमारे अर्धा मिनिट थांबतो आणि सांगतो, १,०५,६२१. करून पाहा. शंभराने चुकली आहे! ही छापखान्याची करामत नसेल, तर ट्युरिंगला माणूस पुरता कळला होता म्हणायचं. साधी गोष्ट, तिला अर्धा मिनिट लावायचा आणि तीही चुकवायची. आमच्याकडे बँकेच्या खिडकीवर ही कसोटी रोज पास होते.

त्याच संवादात पलीकडच्याला एका पुलावर कविता करायला सांगतात, तर तो हात वर करतो: कविता आपल्याला जमत नाही, मला यातून वगळा. मला विचाराल तर बुद्धिमत्तेचा याहून सबळ पुरावा मिळणार नाही. आजची यंत्रं पुलावर, खड्ड्यावर, साहेबांच्या निरोप समारंभावर, सांगाल त्यावर क्षणात कविता पाडतात. नाही म्हणून म्हणत नाहीत. ट्युरिंगच्या त्या काल्पनिक उत्तरापासून ती तेवढी दूर गेली, पण आमच्या कविसंमेलनांच्या मात्र अगदी जवळ आली. नाव पुकारल्यावर "मला जमत नाही" म्हणून खाली बसलेला कवी मी अजून पाहिलेला नाही.

यावर तत्त्वज्ञ म्हणतात, बोललं म्हणून काय झालं, त्याला समजतं कुठे? जॉन सर्ल यांनी १९८० साली एक खोली कल्पिली. आत एक माणूस, चिनीचा गंध नसलेला. बाहेरून चिनी चिन्हांची चिठ्ठी येते. तो जाडजूड नियमांचं पुस्तक उघडतो, अशी चिन्हं आली तर तशी पाठवा, एवढं बघून उत्तराची चिठ्ठी सरकवतो. बाहेरच्याला वाटतं, आत कुणी मोठा चिनी पंडित आहे. आतल्याला मात्र ओ की ठो कळत नाही.

प्रोफेसरसाहेबांना ही खोली कल्पावी लागली याचं नवल वाटतं. महाराष्ट्रात दहावीच्या वर्गांतून ती बारमाही चालू असते, तिला शंभर मार्कांचं संस्कृत म्हणतात. विषय स्कोअरिंग. अमुक प्रश्न आला की तमुक ओळी. मुलगा ९८ मार्क घेतो, पेढा खातो आणि निकालानंतर पंधरा दिवसांनी 'त्वम् कुत्र गच्छसि' ऐकलं की घाबरून आईकडे बघतो. त्याला समजत होतं का, हा प्रश्न कुणा तत्त्वज्ञाने बोर्डाला विचारल्याचं ऐकिवात नाही. यंत्राला मात्र रोज विचारतात. यंत्राचे आई-वडील पालकसभेला येत नाहीत, म्हणून असेल.

मग अक्कल मोजायची कशी? आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये चाचण्या केल्या त्या शाळेत मागे पडणारी पोरं हुडकून त्यांना हात देण्यासाठी. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी त्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतल्या. पुढे जगभर काय झालं ते एडविन बोरिंग या मानसशास्त्रज्ञाने १९२३ सालीच लिहून ठेवलं आहे: बुद्धिमत्ता म्हणजे बुद्धिमत्ता चाचणीत जे मोजलं जातं ते. तलाठी यापेक्षा वेगळं काय सांगतो? सातबाऱ्यावर आहे ती जमीन. पायाखाली आहे ती तुमची समजूत.

आमच्या शिष्यवृत्ती परीक्षेत 'बुद्धिमत्ता चाचणी' असते आणि ती सुटावी म्हणून तिचे जादा तास असतात. उपजत अक्कल तपासायची, ती आधी घोटून घ्यायची. रत्नागिरीकडच्या एका शाळेत अशाच तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. फळ्यावर प्रश्न: विसंगत घटक ओळखा. आंबा, फणस, काजू, नारळ.

"सर, काजू," एक पोरगा म्हणाला.

"का रे?"

"आंबा, फणस, नारळ आम्ही घरात खातो. काजूची बी व्यापारी नेतो. आम्ही नाय खात."

"चूक. नारळ. नारळाला फांद्या नसतात. गोल काळा कर."

मग पाहुण्यांना दाखवायचं म्हणून सरांनी फोन काढला आणि यंत्राला तोच प्रश्न घातला. यंत्र म्हणालं, नारळ, त्याला फांद्या नसतात. सरांची कळी खुलली. पण पोरगं चिवट. "सर, माझं कारण पण टाका ना त्यात." सरांनी टाकलं. यंत्राने क्षणाचाही विलंब न लावता कळवलं की मुद्दा अगदी रास्त आहे, आपण फार खोलवर विचार केलात, काजू हेच योग्य उत्तर. मग मागून कुणीतरी ओरडलं, "फणस टाका, त्याला काटे असतात!" यंत्राला तेही निरीक्षण अत्यंत मोलाचं वाटलं.

"बघितलंत?" सर फोन खिशात टाकत मला म्हणाले. "समोरचा म्हणेल त्याला मान डोलवायची. स्वतःची म्हणून काडीची अक्कल नाही. यांना कसली येतेय हो बुद्धी!"

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. विस्तार अधिकारी आत आले, पोरं उभी राहिली. साहेबांनी कपाळावर आठ्या घालून फळा वाचला. "आंबा," ते म्हणाले. "फळांचा राजा एकच."

"अगदी बरोबर, साहेब," सर म्हणाले, "मी मघापासून मुलांना तेच सांगत होतो."