स्टेटसवर ठेवलेला पिंड

ऑनलाइन पुण्यस्मरणकर्ता बहुधा पंचेचाळिशी ओलांडलेला सद्गृहस्थ असतो. आईवडिलांचा हार घातलेला फोटो नव्या दिवाणखान्याला शोभेना, म्हणून त्याने तो आतल्या खोलीत हलवलेला असतो. हलवण्यापूर्वी त्याचा मोबाइलवर एक फोटो मात्र काढून घेतलेला असतो. या वर्गात स्त्रियाही भरपूर आहेत. श्राद्धाचा अधिकार परंपरेने मुलाकडे, पण फेसबुकला दर्भ आणि तीळ लागत नाहीत. तिथे लेक, सून, जावई सगळ्यांनाच अधिकार, आणि थोरल्या मुलाचा मान जो सकाळी लवकर उठेल त्याला.

मे महिन्याचा दुसरा रविवार म्हणजे मदर्स डे, जूनचा तिसरा म्हणजे फादर्स डे. हे दिवस पाठ नसले तरी चालतात, कारण आदल्या संध्याकाळपासूनच मिठाईवाला, बँक आणि विमा कंपनी आठवण करून देतात. आईची तिथी मात्र पुण्यस्मरणकर्त्याला ठाऊक नसते. ती गुरुजींना ठाऊक असते, आणि गुरुजींचा नंबर जुन्या फोनमध्ये राहिलेला असतो. श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला ‘हाच आपला खरा मातृदिन’ असा मेसेज फिरू लागला की तो मे महिन्यातलाच फोटो पुन्हा लावतो. त्याच दिवशी पोळा असल्याने स्टेटसच्या रांगेत एक बैलजोडी, एक आई, पुन्हा एक बैलजोडी असा क्रम लागतो. पितृपक्षात वडे, खीर, गवारीची भाजी आणि आमसुलाची चटणी असं ताट झळकतं. दिवाळीत विकतच्या चकल्यांच्या फोटोखाली ‘आई, तुझ्या हातच्या चकल्यांची सर कशालाच नाही’ असा मजकूर येतो. हे मात्र बहुतेक वेळा खरं असतं.

मदर्स डेला परदेशी खूळ म्हणणारे पुष्कळ आहेत, पण त्याची सुरुवात एका दिवंगत आईच्या पुण्यस्मरणानेच झाली. अमेरिकेतल्या अ‍ॅना जार्विस यांची आई १९०५ च्या मे महिन्यात वारली. १९०८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये त्यांनी तिच्या स्मरणार्थ प्रार्थनासभा घडवून आणली आणि तिथे आईच्या आवडीची ५०० पांढरी कार्नेशन फुलं पाठवली. स्वतः त्या गेल्या नाहीत. दुरून श्रद्धांजली वाहण्याची रीत फेसबुकने काढली, हा आरोप त्यामुळे टिकत नाही. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो दिवस देशभर जाहीर केला. पुढे फूलवाले आणि छापील कार्डवाले त्यावर तुटून पडले, तेव्हा याच बाई आपण सुरू केलेला दिवस बंद पाडायच्या खटपटीला लागल्या. तयार कार्डावर नुसती सही करून पाठवणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. ‘मिस यू आई मराठी’ असं गुगलवर शोधून पहिलंच चित्र उतरवून घेणारा मुलगा त्यांच्या पाहण्यात आला नाही, हे बरं झालं.

स्वतःचा फोटो शोधणारा पुण्यस्मरणकर्ता त्या मानाने कष्टाळू म्हणायचा. त्या पिढीतल्या आयांचा एकटीचा फोटो सहसा नसतोच. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला, सतरा जणांत, दुसऱ्या रांगेत, डोळे अर्धे मिटलेला. त्यातून आई कापून काढली तरी शेजारणीचा खांदा आणि जरीचा काठ उरतो. मग अ‍ॅपच्या मदतीने मागे ढग, पुढे समई आणि वर हार चढतो. खाली मामी लिहितात, ‘तो खांदा माझा आहे.’

वडिलांची अडचण वेगळी. हयातीत ज्यांना ‘अण्णा’ म्हटलं, आणि तेही दारात उभं राहून, ते पोस्टमध्ये ‘बाबा’ होतात, कारण तयार चित्रावर तसंच छापलेलं असतं. आईला एकेरी हाक पहिल्यापासूनच होती. अण्णांना ‘तू’ म्हणायचं धाडस मात्र ते गेल्यावर आलेल्या फादर्स डेलाच होतं. ‘बाबा नेहमी म्हणायचे’ या शब्दांपुढे जे सुविचार येतात, त्यांतला एकही अण्णांनी म्हटलेला नसतो. अण्णा नेहमी म्हणायचे ते ‘पंखा बंद कर’ आणि ‘सुटे पैसे कुठे गेले?’

दहाव्याला पिंड ठेवून मंडळी जशी कावळ्याची वाट पाहत घाटावर उभी राहतात, तशी पोस्ट टाकल्यावरच्या पहिल्या तासात पुण्यस्मरणकर्त्याची अवस्था होते. लाइक हाच इथला कावळा. घाटावर तो लवकर शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली असावी, असं मानतात. इथे राहिलेली इच्छा मुलाची असते. तिथे शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावतात, इथे चाळीस नातेवाइकांना टॅग करतात. २०१६ पर्यंत फेसबुकवर दुःखालाही अंगठाच दाखवावा लागे. त्या वर्षी रडका चेहरा आला, पण काकांची पिढी अंगठ्याशीच एकनिष्ठ राहिली. त्यामुळे ‘आई जाऊन आज ११ वर्षं झाली’ याखाली आजही उत्साहाने वर केलेल्या अंगठ्यांची रांग दिसते.

वाचण्याआधी लिहिणारा एक जण प्रत्येक यादीत असतोच. तो ‘भावपूर्ण श्रद्धांजली. अचानक काय झालं?’ असं लिहितो. त्याचं पाहून पाच जण ‘ॐ शांती’ लिहितात, आणि दुपारपर्यंत अण्णांच्या ऑफिसातले कुणी तरी निवृत्त गृहस्थ फोन करून तेराव्याची चौकशी करतात. अमेरिकेतल्या धाकट्या मुलाची मदर्स डेची पोस्ट इकडे सोमवारी सकाळी उगवते. मे महिन्यात कॅलिफोर्निया भारताच्या साडेबारा तास मागे असतं, हे सगळ्यांना माहीत असूनही ‘याला आईची आठवण एक दिवस उशिराच येते’ असं थोरली वहिनी म्हणतेच.

काही वडील स्वतःचं फेसबुक खातंही मागे ठेवून जातात. अशा खात्याचं स्मृतिखातं करून घेण्याची सोय २००९ पासून आहे. तसं केलं की वाढदिवसाच्या सूचना थांबतात. त्यासाठी मृत्यूच्या दाखल्यासारखा काही पुरावा लागतो. दाखला कपाटात असतो, कपाटाची किल्ली मधल्या भावाकडे असते, आणि त्याच्याशी वाटणीपासून बोलणं नसतं. तेव्हा दर वर्षी अण्णांच्या वाढदिवसाची वर्दी त्यांच्या सगळ्या मित्रांना जाते आणि कुणी तरी लिहितो, ‘शतायुषी व्हा अण्णा! पार्टी कधी?’ पुण्यस्मरणकर्ता पहिल्या वर्षी खुलासा लिहितो. दुसऱ्या वर्षी खुलाशालाच तीन अभिनंदनं येतात. तिसऱ्या वर्षापासून तो अण्णांच्या वतीने ‘धन्यवाद’ लिहून टाकतो.