घरबशी घेऊन लेण्यांकडे: नवशिक्यांसाठी काही सूचना

पहिली सूचना: जुनी बस विकत घेऊ नका. ही सूचना कुणी पाळत नाही, मीही पाळली नव्हती. तरी ती द्यावी लागते, कारण पुढे "आम्ही सांगितलं होतं" म्हणायला घरच्यांना जागा हवी.

घेतलीच असेल तर पुढे वाचा. आमची बस पूर्वी एका कारखान्याचे कामगार आणायची-न्यायची. तिच्या सीटा काढून आत बर्थ, ओटा, सिंक आणि एक कपाट बसवलं. अमळनेरातल्या आमच्या गल्लीत ती येऊन उभी राहिली, तेव्हा थोरल्या आत्यानं चष्म्यावरून पाहत तिचं बारसं केलं: "घरबशी". शासनानं 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून कॅरॅव्हॅन हा शब्दही चालतो. आमच्या घरात तो आत्यापुढे टिकला नाही.

सीटा काढण्याआधी आरटीओत जाऊन या. नंतर जाणाऱ्यांना नुसतं जावं लागत नाही, जात राहावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की गाडीची मूळ बांधणी मनाला येईल तशी बदलायची नाही. बदलायची तर परवानगी घेऊन, आरसी बुकात नोंद करून. पासिंगच्या दिवशी साहेब आत डोकावतात. सीटांच्या जागी देव्हारा दिसला, तर ते हात जोडतील. सही करतीलच असं नाही.

गॅरेजवाला निवडताना त्याला एवढंच विचारा: "तुम्ही स्वतः कधी चालत्या गाडीत भांडी घासलीत का?" आमच्यानं घासली नव्हती. त्यानं आधी फरशी केली, मग ओटा, मग सिंक, आणि सगळ्यात शेवटी टपावर दोनशे लिटरची टाकी चढवली. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, तेही डोक्यावर. वळणावर घरबशी आधी झुलते, मग वळते. नळ असा बसवला की प्रत्येक गतिरोधकावर तो आपोआप उघडावा. धरणगावपर्यंत आमचं सिंक तीनदा भरलं, आणि तिन्ही वेळा मेहुण्याच्या पायजम्यावर रिकामं झालं. गाडीत संडास करावा का, असंही लोक विचारतात. करू नका. कारण विचारू नका.

सामान कसं भरायचं, हे इंटरनेटवर शोधण्यापेक्षा दिंडीच्या ट्रकवाल्याला विचारा. आपल्याकडचे या विद्येचे खरे जाणकार तेच. अमळनेरहून सखाराम महाराजांची दिंडी पायी पंढरपूरला जाते. बरोबरच्या ट्रकात शंभर माणसांचा स्वयंपाक, अंथरुणं, पखवाज आणि औषधं अशी मावतात की वाटेत काही शोधावं लागत नाही. त्यांचा नियम साधा आहे: जड ते तळाशी, आणि जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं. आम्ही भरताचा डबा सगळ्यात आधी चढवला होता. पहूरला भूक लागली, तेव्हा तो सहा गाद्या, दोन सतरंज्या आणि आत्या यांच्या खाली होता.

भरीत घरूनच करून न्या. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायचा बेत चाकांवर जमत नाही. बरोबर कळण्याच्या भाकरी घ्या. त्या दुसऱ्या दिवशीही चालतात. मिरचीचा ठेचा मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. आमच्या गाडीच्या छताला एक हिरवा डाग आहे. पाहुणे त्याला नक्षी समजतात.

आता बर्थवाटप. हा या मार्गदर्शिकेतला सर्वांत अवघड भाग आहे आणि त्यावर मला उपाय सापडलेला नाही. नानांना खालचा बर्थ हवा, आत्यालाही तोच हवा, आणि माय म्हणते "माझं काय, मी कुठंही पडेन". म्हणजे तिलाही तोच हवा. खालचे बर्थ दोन. हा प्रश्न लेण्यांत सोडवलेला आहे. तिथं पोहोचल्यावर सांगतो.

सहल किती दिवसांची, ते निघण्याआधी ठरवा आणि घरी कागदावर लिहून ठेवा. मेजर रॉबर्ट गिल यांना 1844 साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. ते अजिंठा गावात राहिले, वर्षानुवर्षं चित्रं काढत बसले. त्यातली बरीचशी 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तरी गिलसाहेब इकडेच राहिले. 1879 मध्ये वारले, आणि त्यांची कबर आपल्या भुसावळात आहे. पस्तीस वर्षं लांबलेली सहल ती हीच. मेहुण्याची रजा दोन दिवसांची होती.

रंग कुठलाही द्या, पण लाल देऊ नका. आम्ही लाल दिला. अमळनेरच्या बाहेर पडलो आणि पहिल्याच फाट्यावर एका आजींनी हात केला. मेहुण्यानं सवयीनं ब्रेक दाबला. दार उघडं होतंच.

"जयगाव जाई का?"

"जाई आजी, पन ही गाडी..."

तोवर आजी आत आल्या होत्या. त्यांनी नानांचे पाय बाजूला सारले, बर्थवर टेकल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्यातून प्लास्टिकच्या पाकिटातलं आधार कार्ड काढून मेहुण्यापुढे धरलं. "पंच्याहत्तर वरीस व्हयी गयात. माले तिकीट नही." एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून प्रवास मोफत आहे, हे खरं. मेहुण्यानं कार्ड दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि परत दिलं. दुसरं काय करणार? आजींनी जळगावपर्यंत आमचा चहा घेतला, सिंक तिसऱ्यांदा सांडलं ते पाहिलं, आणि उतरताना अभिप्राय दिला: "गाडी चांगली शे. बसाले जागा कमी शे." घरबशीबद्दल इतकं नेमकं अजून कुणी बोललेलं नाही.

जळगावहून नेरी, पहूर, वाकोद करत फर्दापूर गाठा, साठेक किलोमीटर. इथं नवशिक्यांना एक धक्का बसतो, त्याची आधीच तयारी ठेवा. खासगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. धुरानं चित्रांचं नुकसान होऊ नये म्हणून ती फर्दापूरच्या टी-पॉइंटला ठेवायची, आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसनं जायचं, तिकीट काढून. वर्षभर कर्ज काढून, परवानगी घेऊन, बर्थ ठोकून आपण जी बस घडवली ती सावलीत उभी करायची आणि दुसऱ्या बसच्या रांगेत उभं राहायचं. नाना रांगेत एवढंच म्हणाले, "पहिल्यापासून हिच्यातच आलो असतो."

लेणी म्हणजे गुहा नव्हे, हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा, नाहीतर ती वटवाघळं शोधत बसतात. वाघूर नदीनं घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय आणि त्या कड्यात तीस लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्यानं कोरलीत. काम वरून खाली चालायचं: आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. दगडात चुकलं तर पुन्हा जोडता येत नाही. अर्धवट सोडलेलं 24 क्रमांकाचं लेणं मी मुद्दाम वेळ काढून पाहिलं. घाईत न उरकता जिथं आहे तिथं थांबवलेलं काम मला आमच्या सिंकपेक्षा प्रामाणिक वाटलं.

वर पायऱ्या आहेत. गुडघे धरणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात. नानांना विचारलं, तर म्हणाले, "चौघांच्या खांद्यावर आत्ताच नको." चढले चालत, पाच ठिकाणी थांबत. थांबलं की खालची नदी पाहायची. दम लागला असं म्हणायचं नाही. ही पद्धत सर्वांना शिफारस करण्याजोगी आहे.

पहिल्या लेण्यात सगळे गर्दी करतात, कारण तिथं कमळ धरलेला पद्मपाणी आहे. आत गेल्यावर दोन मिनिटं नुसते उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की भिंत हळूहळू पुढे येते. फ्लॅश वापरू नका. मनाई आहे, आणि त्यात काही दिसतही नाही. आत्या पद्मपाणीपुढे फार थांबली नाही. जिथं रंगाचा पापुद्रा निघून खालचा गिलावा उघडा पडलाय, तिथं ती दोरीला टेकून वाकली आणि म्हणाली, "हे तर सारवलंय." बरोबर होतं. दगडावर माती, शेण, भाताचा कोंडा आणि काड्या कालवून दिलेला लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चित्र. निळा रंग अफगाणिस्तानाकडच्या दगडाचा, बाकीचे रंग बहुतेक इथल्याच मातीचे. धाब्याच्या घरात चाळीस वर्षं सारवणाऱ्या बाईला ते एका नजरेत कळलं. आम्ही वाचून आलो होतो, तरी आम्हाला दिसलं नव्हतं.

दहाव्या लेण्यात नाव कोरू नका. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी 28 एप्रिल 1819 ला शिकारीच्या नादात इथं आला आणि चित्रावरच नाव-तारीख खरवडून गेला. तेव्हा आत मलबा साचलेला होता, त्यावर उभं राहून त्यानं हात पोहोचेल तिथं लिहिलं. मलबा काढल्यावर ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर गेलं. आता ते वाचायला मान उंच करावी लागते, आणि तेवढ्याही लायकीचा तो नव्हता.

बारावं लेणं बहुतेक जण ओलांडून जातात. तुम्ही जाऊ नका. बर्थवाटपाचं उत्तर इथं आहे. चौकोनी दालन, तीन बाजूंना चार-चार खोल्या, प्रत्येक खोलीत दगडात कोरलेले दोन ओटे, आणि उशाला दगडाचाच उंचवटा. बारा खोल्या, चोवीस बर्थ, सगळे खालचे. दोन हजार वर्षांपूर्वी हे लेणं घनामदड नावाच्या व्यापाऱ्यानं दान दिलं, असं मागच्या भिंतीवर लिहिलंय. एरवी चालत राहणारे भिक्खू पावसाळ्यातले तीन महिने इथं थांबायचे. अंथरूण-पांघरूण, पात्र आणि चीवर. टपावर टाकी नाही. माय एका खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहून आत बघत राहिली आणि म्हणाली, "कोण कुठं झोपायचं, यावर भांडत असतील का रे?" मी म्हटलं, "नसतील." ती म्हणाली, "भांडत असतील."

सव्विसावं शेवटी ठेवा. डाव्या भिंतीशी उजव्या कुशीवर पहुडलेला बुद्ध आहे, सुमारे सात मीटर लांब, आणि खाली शोक करणारे शिष्य. धाकट्या पुतणीनं नानांचा हात ओढून हळूच विचारलं, "झोपलेत?"

नाना म्हणाले, "नाही बेटा. निघालेत." आणि मग बराच वेळ तिथंच थांबले. तिथं दम घ्यायला चढ नव्हता.

अजिंठा पार केलेल्यांनी पुढच्या खेपेला पितळखोऱ्याचा विचार करावा. तिथं पायऱ्या उतरून लेण्यांत जायचं असतं, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी जाताना खूश असतात आणि येताना बोलत नाहीत. चाळीसगावहून जाताना औट्रम घाट लागतो. तिथं 2023 पासून जड वाहनांना बंदी आहे. आपलं घर जड की हलकं, हे पोलिसांना घाटाच्या पायथ्याशी ठरवायला लावू नका, निघण्याआधी विचारून घ्या. वाटेत पाटणादेवीला थांबा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं तिथं मठ काढला, त्याचा 1207 चा शिलालेख आहे. टपावरच्या टाकीचं गणित ज्यांना जमलं नाही, त्यांनी तिथं दोन मिनिटं मुकाट्यानं उभं राहावं.

हे सगळं मी दुसऱ्या खेपेवरून लिहिलंय. पहिल्या खेपेचं घरात कुणी नाव काढत नाही. तेव्हाही पहाटे निघालो होतो, तेव्हाही सिंक सांडलं होतं, तेव्हाही फर्दापूरला पोहोचलो होतो, आणि टी-पॉइंटच्या झाडाखाली सतरंजी टाकून, भरीत-भाकरी खाऊन, तसेच अमळनेरला परत आलो होतो. अजिंठा सोमवारी बंद असतं. वेरूळ मंगळवारी.