प्लेट चिकटली हो, वहिनी!

"वहिनी, रविवारपासून ती लाल थार तुमच्या खळ्यात उभी आहे. भाचा मुक्कामाला आलाय की गाडी?"

"भाचा कधीच एसटीने पुण्याला पळाला, तात्या! गाडी आमच्या गळ्यात. भर पावसात वहाळ ओलांडला, मित्रांकडून व्हिडिओ काढून घेतला आणि चिखलासकट इथे आणून लावली. आता क्लच दाबून गिअर टाकावा तर नुसती खरखर."

"प्लेट चिकटली, दुसरं काय! हा क्लच सुका असतो वहिनी. प्लेट फ्लायव्हीलवर आवळून बसते, मध्ये ना तेल चालत, ना पाणी. ओला तसाच ठेवला की गंज चढतो आणि प्लेट तिथेच डकते."

"पण एवढं झाकलेलं असतं, आत पाणी शिरतं कुठून?"

"बेल हाउसिंगच्या बुडाला बऱ्याच गाड्यांत भोक असतं, आत गळलेलं तेल बाहेर पडावं म्हणून. क्लचचा फोर्क बाहेर येतो तिथलं रबर फाटलं असेल तर मग बघायलाच नको. जुन्या लँड रोव्हरला त्या भोकासाठी आट्यांचं बूच होतं. पाण्यात उतरण्याआधी लावायचं, बाहेर आल्यावर आठवणीने काढायचं. नाहीतर तेल आतच साचून प्लेट तेलकट."

"आमच्या पठ्ठ्याने तर म्हणे मधोमध गिअर बदलला. रुबाबात!"

"झालं! क्लच दाबला की प्लेट सुटते, फट पडते आणि गढूळ पाणी नेमकं तिथे जातं. काठावरच फोर-लो टाकायचा, गिअर धरायचा आणि पलीकडे निघेपर्यंत डावा पाय पेडलला लावायचा नाही. चिखलातही तेच. रुतली की ही पोरं हाफ क्लचवर रेस देत बसतात, जळका वास सुटेपर्यंत. अरे, फावडं घे, टायरची हवा थोडी सोड!"

"मग सांगितलं का नाहीत त्याला?"

"सांगितलं की. म्हणाला, काका, कंपनीने ६५० मिलिमीटर पाणी चालतं म्हणून लिहिलंय. खोली लिहिलीय हो, पण आपल्या वहाळातल्या रेवेचं काय? पाणी सुकतं, रेव सुकून कुठे जाते? रिलीज बेअरिंगात बसते. बाहेर आल्याबरोबर थोडा क्लच घासत गाडी फिरवली असती तर उष्णतेने प्लेट वाळली असती. भोकातला चिखल तारेने काढायचा, पाइपचा फवारा मात्र थेट आत मारायचा नाही. ट्रॅक्टर बरेच दिवस ठेवायचा तर जाणता माणूस क्लच दाबून अडकवून ठेवतो, ते काय उगाच?"

"मग आता गिअरबॉक्स उतरवणार?"

"आधी गरम करून सुटते का बघू. नाही सुटली तर उतरवायचाच. आणि उतरवलात तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदमच बदलून घ्या, मजुरी तेवढीच पडते. बिल पुण्याला पाठवा."